चार जिनसांचे रात्रीचे जेवण

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांना मी एक प्रश्न हटकून विचारतो, "रात्री काय जेवता?" उत्तर बहुधा ठरलेले असते. "काही विशेष नाही डॉक्टर, अगदी हलके घेतो." हे हलके म्हणजे नेमके काय, असे खोदून विचारले की कपभर दूध आणि चार बिस्किटे, कधी चहा आणि खारी, कधी दुपारची उरलेली अर्धी पोळी आणि लोणच्याची फोड, असे एकेक बाहेर येऊ लागते. सोबत आलेली मुलगी किंवा सून त्या वेळी चकित होऊन पाहत राहते. आपण घरी पोहोचण्यापूर्वीच आई-बाबा वेळेवर जेवून घेतात, अशी तिची समजूत असते.

रात्री हलके जेवावे हा सल्ला वडीलधाऱ्यांनी दिला, आम्ही डॉक्टरही देतो आणि तो योग्यच आहे. उशिरा केलेले तेलकट, तिखट, भरपेट जेवण उतारवयातील पचनाला झेपत नाही. छातीत जळजळ होते, झोप मोडते. पण हलके म्हणजे पचायला सोपे. शरीराच्या उपयोगाचे काही त्या ताटात असूच नये, असा त्याचा अर्थ नव्हे. हा अर्थ कोणी मुद्दाम बदलत नाही, तो आपोआप बदलत जातो. संध्याकाळी अंगात त्राण नसते, गुडघे ओट्यापाशी उभे राहू देत नाहीत, आणि एकट्यापुरता किंवा दोघांपुरता एवढा घाट कोणी घालावा, असे वाटू लागते. मग डबा उघडून बिस्किटे काढणे हेच सोपे ठरते.

या लेखात तो घाट कमी कसा करावा हे सांगायचे आहे. घरात असलेल्या चार जिनसांत, वीस-पंचवीस मिनिटांत होईल आणि तरीही जेवण म्हणता येईल, असे ताट आपल्या मराठी स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. आपण त्याला आजाऱ्याचे जेवण किंवा गरिबाचे जेवण म्हणून मागे सारले, इतकेच.

थोडा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांच्या पोषणाचा अभ्यास करणारे अनेक तज्ज्ञ उतारवयात हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅम असावे असे मानतात, कारण वय वाढते तसे खाल्लेल्या प्रथिनांपासून स्नायू घडवण्याची शरीराची क्षमता मंदावते. म्हणजे ६० किलो वजनाच्या आजोबांना दिवसाला सुमारे ६० ग्रॅम प्रथिने हवीत. ती तीन जेवणांत विभागली तर रात्रीच्या वाट्याला निदान १५ ग्रॅम यायला हवीत.

आता कपभर दूध आणि चार मारी बिस्किटे यांचा हिशेब करून पाहा. दीडशे मिलीलिटर दुधातून ५ ग्रॅम आणि बिस्किटांतून फार तर २ ग्रॅम प्रथिने मिळतात. उष्मांक दोनशेच्या आसपास. सात वाजता एवढे घेऊन मनुष्य झोपतो आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता न्याहारी करतो. मधल्या तेरा तासांत शरीर आपल्याच स्नायूंतून गरज भागवत राहते. एका रात्रीत काही बिघडत नाही. पण वर्ष-दोन वर्षे हेच चालले की मांड्या बारीक होतात, शौचालयात उठताना भिंतीचा आधार लागतो, जिना नकोसा होतो आणि एके दिवशी न्हाणीघरात तोल जातो. खुब्याचे हाड मोडल्यावर आपण फरशीला दोष देतो. त्या पडण्यामागे अनेकदा रिकाम्या रात्रीच्या ताटांचाही वाटा असतो.

घरच्या घरी एक साधी तपासणी करता येते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसून, हात छातीशी घडी घालून, सलग ५ वेळा उठून बसायचे. जवळ कोणीतरी उभे राहावे. यासाठी १५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल किंवा हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल, तर पायांतील शक्ती कमी झाली आहे असे समजावे आणि आपल्या डॉक्टरांना सांगावे. तसेच सहा महिन्यांत, प्रयत्न न करता, ६० किलोंचे ५७ झाले असतील तर ते 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नये.

एक अपवाद इथेच सांगतो. ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी या लेखावरून प्रथिने वाढवू नयेत. किती घ्यावीत हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. डायालिसिस सुरू असलेल्यांचे गणित तर आणखी वेगळे असते.

खिचडीचा डबा

मुगाच्या डाळीची खिचडी कोणाला ठाऊक नाही? पण बहुतेक घरांत दोन किंवा तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ असे माप असते. उतारवयासाठी हे माप बदलावे. जेवढे तांदूळ तेवढीच डाळ. दोघांसाठी अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ (वाटी साधारण दीडशे मिलीलिटरची), पाच वाट्या पाणी, हळद, हिंग, जिरे आणि अर्धा लहान चमचा मीठ. कुकरच्या चार शिट्ट्या. त्यातच लाल भोपळ्याच्या किंवा दुधीच्या चार-सहा फोडी अथवा मूठभर चिरलेला पालक टाकला की वेगळी भाजी करावी लागत नाही. वाढताना वरून चमचाभर साजूक तूप. अशा खिचडीतून प्रत्येकी ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. सोबत मोठी वाटीभर कढी घेतली, तर ताक आणि बेसन दोन्हींची भर पडून आकडा १४-१५ पर्यंत जातो. काहींना रात्री दही चालत नाही, निदान तसे वाटते. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. गरम कढी ते आनंदाने घेतात.

मधुमेह आहे म्हणून रात्री भात बंद केलेले अनेक रुग्ण भेटतात. भाताऐवजी ते काय खातात? बिस्किटे. त्यांत मैदाही असतो आणि साखरही. आणि ज्यांच्या पुड्यावर साखर नाही असे लिहिलेले असते त्यांतही बहुधा मैदा असतोच. त्यापेक्षा निम्मी डाळ आणि भाजी असलेली मोजकी खिचडी केव्हाही चांगली.

ज्यांचे आई-वडील दुसऱ्या गावी किंवा दिवसभर एकटे असतात, त्यांच्यासाठी एक सुचवतो. रविवारी डाळ आणि तांदूळ समप्रमाणात निवडून, कोरडेच मंद आचेवर किंचित भाजून, गार झाल्यावर जिरे, हळद व हिंग मिसळून डब्यात भरून ठेवा. डब्यात मापाची वाटी ठेवा आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहा : 'एक वाटी मिश्रण, पाच वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ, चार शिट्ट्या.' एकट्यापुरते अर्धे माप असेल तर थेट कुकरात न शिजवता कुकरातल्या भांड्यात शिजवावे, म्हणजे तळाला लागत नाही. पत्नीच्या निधनानंतर फक्त चहा करता येणारे माझे एक रुग्ण, निवृत्त मुख्याध्यापक, या डब्यावर आता आठवड्यातून चार रात्री जेवतात. भोपळ्याऐवजी शेवग्याच्या शेंगा टाकण्याचा शोध त्यांनी स्वतः लावला आणि तो मला दोनदा ऐकवला.

विसरभोळेपणा वाढला असेल, गॅस चालू राहतो की काय अशी शंका असेल, तर मात्र कुकर त्यांच्या हाती देऊ नका. भात झाला की आपोआप बंद होणारे विजेचे भातपात्र घ्या. त्यातही हीच खिचडी होते.

पिठले, पिठी आणि दूध-भाकरी

पिठल्याला लागते काय? बेसन, लसूण, हिरवी मिरची आणि फोडणी. माणशी पाव वाटी बेसन गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवावे, फोडणीत लसूण परतून त्यावर हे पाणी ओतावे, ढवळत राहावे आणि शेवटी झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ काढावी. ही वाफ महत्त्वाची. कच्चे राहिलेले बेसन पोटात गुबारा धरते आणि मग दोष पिठल्याला लागतो. हिंग व चिमूटभर ओवा घातल्यास ते अधिक सोसते. दात नसतील तर पातळसर करून त्यात भाकरी कुस्करून दहा मिनिटे भिजू द्यावी. पिठले आणि एक ज्वारीची भाकरी मिळून १० ते ११ ग्रॅम प्रथिने होतात. वर लिंबू पिळावे. डाळी आणि धान्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास त्याची मदत होते. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर ती मोडावी, कारण चहा याच्या उलट काम करतो.

कोकणातील आणि गोव्यातील वाचकांना कुळथाची पिठी सांगण्याची गरज नाही, पण घाटावरच्या पुष्कळ घरांत ती पोहोचलेली नाही. भाजलेल्या कुळथाचे पीठ पाण्यात कालवून, लसणाच्या फोडणीवर ओतून, दोन आमसुले टाकून उकळायचे. बस. माणशी तीन मोठे चमचे पीठ आणि सोबत मऊ भात. कुळीथ डाळींइतकाच प्रथिनयुक्त आहे. पावसाळ्याच्या दिवसांत, तोंडाला चव नसताना, आमसुलाच्या आंबटपणामुळे चार घास जास्त जातात, हा माझा नेहमीचा अनुभव. पीठ दळून आणले की महिनाभर हवाबंद डब्यात टिकते.

खानदेश-विदर्भात वरणफळे म्हणतात आणि पश्चिम महाराष्ट्रात चकोल्या, तो प्रकारही असाच एका पातेल्यातला. उकळत्या आमटीत कणकेच्या लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडायचे. पोळ्या लाटून भाजत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. फक्त आमटी घट्ट, भरपूर डाळीची असावी.

आणि दूध-भाकरी. याहून कमी जिनसांचे जेवण मला माहीत नाही. अडीचशे मिलीलिटर गरम दुधात एक भाकरी कुस्करून दहा मिनिटे झाकून ठेवली की ती मऊ होते. बिस्किटांइतकाच खटाटोप, पण प्रथिने १२-१३ ग्रॅम. साखर-गूळ घालू नये. ज्वारी-बाजरीला स्वतःचा गोडवा असतो. सकाळी घरात भाकऱ्या होत असतील तर आईंसाठी एक जास्तीची बाजूला ठेवा. दुधाने ज्यांना वारा धरतो त्यांनी ताक-भाकरी घ्यावी.

मऊभात, मेतकूट आणि तूप यांबद्दल रागावू नका. त्या ताटाने मन निवते हे खरे, परंतु चमचाभर मेतकुटातून प्रथिने फारशी मिळत नाहीत. त्याच्याबरोबर पेलाभर दूध किंवा वाटीभर घट्ट वरण असले तरच त्याला जेवण म्हणावे. अंडे खाणाऱ्या घरांत तर प्रश्नच मिटतो. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि ते उकडायला दहा मिनिटे लागतात. कोलेस्टेरॉलच्या धास्तीने अंडे सोडून खारी खाणारे लोक पाहिले की मला खारीतल्या वनस्पती तुपाची आठवण करून द्यावी लागते.

गोळी घेतली, जेवण राहिले

आता ज्या कारणासाठी हा विषय मला तातडीचा वाटतो तेथे येतो. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइड व ग्लायक्लाझाइड, आणि इन्शुलिन, ही औषधे जेवण झाले आहे असे गृहीत धरून काम करतात. रात्रीची गोळी नियमाने घेतली आणि जेवण मात्र दोन बिस्किटांवर भागवले, तर मध्यरात्रीनंतर रक्तातील साखर धोकादायक खाली जाऊ शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो, पण आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत असणे सर्रास आढळते. पाकिटावरील नाव वाचून घ्या.

पहाटे दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधड, भीतिदायक स्वप्ने, सकाळी डोके जड असणे, माणूस असंबद्ध बोलणे, ही साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात. वृद्धांत घाम-धडधड न होता केवळ गोंधळलेपण दिसते आणि घरचे त्याला म्हातारपणाचा भ्रम समजतात. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायचे यंत्र नसून अशी चिन्हे असतील, तर माणूस शुद्धीवर असताना तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर थोडे खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक रुग्णालयात न्यावे.

संकष्टी चतुर्थी हा या दृष्टीने महिन्यातला अवघड दिवस. दिवसभर साबुदाणा, आणि उपवास सुटणार चंद्रोदयानंतर, कधी रात्री साडेनऊ-दहाला. गोळी मात्र सवयीने आठ वाजता घेतली जाते. उपवास सोडा असे सांगून कोणी सोडत नाही, हे मी तीस वर्षांत शिकलो आहे. म्हणून एवढेच सांगतो की त्या दिवशी गोळी केव्हा आणि किती घ्यायची, घ्यायची की नाही, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा आणि गोळी जेवणाचे ताट समोर आल्यावरच हातात घ्या. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी करावी. भगर, दाण्याचे कूट, आमसूल, जिरे. पुन्हा चारच जिनसा. ज्यांनी चंद्र पाहून नैवेद्यानंतर जेवायचे असते, त्यांच्यासाठी वर सांगितलेली खिचडी कुकरात तयार ठेवता येते.

कंपवातासाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनी ती गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी. डाळ-दुधाबरोबर घेतल्यास तिचा गुण कमी येतो.

ठसका, मीठ आणि उरलेला भात

भरवणाऱ्यांसाठी दोन शब्द. अर्धांगवायूनंतर किंवा कंपवातात ज्यांना गिळताना ठसका लागतो, जेवल्यावर ज्यांचा आवाज घोगरा-ओलसर होतो, त्यांना पातळ पेज सोपी जाईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पातळ पदार्थच श्वासमार्गात चटकन उतरतो. दूध-पोह्यांसारखा पातळ व घन यांचा मिश्र पदार्थ तर अधिकच अवघड. घोटलेली, चमच्यात राहील इतपत घट्ट खिचडी त्यांना सुरक्षित असते. पाठ ताठ ठेवून बसवावे, अर्धाच चमचा भरावा, आधीचा घास गिळल्याची खात्री करून पुढचा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. ठसका वारंवार लागत असेल तर गिळण्याची तपासणी वाचा-उपचारतज्ज्ञाकडून करून घ्यावी. झोप आणि जेवण यांत इतरांनीही दोन तासांचे अंतर ठेवावे, म्हणजे सात ते साडेसात ही जेवणाची चांगली वेळ. घरातील तरुण मंडळी नऊला जेवतात म्हणून वडीलधाऱ्यांनी ताटकळत बसण्याचे कारण नाही. मात्र सुनेने किंवा मुलाने त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसावे. एकट्याचे ताट निम्मे परत येते.

वयानुसार जिभेची चव कमी होते, मग मीठ वाढते. दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी मीठ असावे, आणि साध्या जेवणाला चव यावी म्हणून घेतलेले पापड-लोणचे हे माप चटकन ओलांडते. त्याऐवजी लसूण, जिरे, हिंग, लिंबू, कोथिंबीर यांचा हात सैल सोडावा. रक्तदाबासाठी म्हणून बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ परस्पर सुरू करू नये. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांना, तसेच टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते.

दुपारचा भात रात्री खाण्यास हरकत नाही, पण तो ओट्यावर झाकून ठेवलेला नसावा. शिजल्यापासून तास-दीड तासात पसरून गार करून शीतकपाटात ठेवावा आणि खाताना एकदाच, चांगला वाफ येईपर्यंत गरम करावा. उन्हाळ्यात वृद्धांना होणाऱ्या उलट्या-जुलाबांत असा बाहेर राहिलेला भात अनेकदा सापडतो.

पुढच्या तपासणीला जाताना आणखी एक करा. सलग आठ दिवस रात्री प्रत्यक्ष काय खाल्ले, किती वाजता, आणि त्यानंतर कोणती गोळी घेतली, हे एका कागदावर लिहून रक्ताच्या अहवालासोबत न्या. पुष्कळदा त्या कागदावरून गोळीची वेळ बदलता येते, कधी मात्राही कमी करता येते.